जुन्या सॅटेलाइटवर पोरांना शिकवा

संपादक साहेब, नमस्कार.
रिटायर झालेला सॅटेलाइट म्हणजे भंगार असं आपण धरूनच चालतो, पण हॅम रेडिओवाल्यांचा, म्हणजे हौसेने वायरलेसवर बोलणाऱ्यांचा, एओ-७ सॅटेलाइट बघा, १९७४ ला सोडला, १९८१ ला बॅटरी गेली आणि गप्प झाला, मग २००२ ला अचानक परत बोलायला लागला, आता नुसत्या सोलर पॅनेलवर चालतो, पृथ्वीच्या सावलीत गेला की बंद. मोजायच्या टेपच्या पात्याचा घरी केलेला अँटेना, लॅपटॉपला लावायचा यूएसबी रेडिओ रिसीव्हर आणि लॅपटॉप घेऊन मुलांना अजिंक्यताऱ्यावर न्या, त्याची मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतांची, पीप पीप ऐकू द्या. सॅटेलाइट जवळ येताना सूर चढा, लांब जाताना उतरलेला, पुस्तकातला डॉप्लर इफेक्ट तो हाच! झेडपीने प्रत्येक तालुक्याला निदान एक तरी किट द्यावंच.

- एक पालक, सातारा