रविवारची त्र्यंबक राइड : ई-सायकलवाल्यांनी आधी हे वाचा

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी नाशिकचं गोल्फ क्लब मैदान ते त्र्यंबकेश्वर, जाऊन-येऊन साधारण ६० किमी. ऊन तापलंय, म्हणून सातऐवजी पहाटे ५.३० ला निघू. उशीर करणाऱ्यांसाठी थांबणार नाही.

• बॅटरी आदल्या रात्री चार्ज करा, पण गार असतानाच. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर असताना चार्ज केले की आतून लवकर खराब होतात. हाताला गरम लागली तर तासभर सावलीत काढून ठेवा, मग प्लग लावा.

• गार करायला पाणी, बर्फ, फ्रीज काहीही नको! मागे मी शहाणपणा करून ओला पंचा गुंडाळला होता. कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढला. पंख्याचा वारा पुरतो.

• जाताना चढ आहे. नुसत्या थ्रॉटलवर (पेडल न मारता, फक्त मोटरच्या जोरावर) चढू नका. गिअर हलका, असिस्ट (पेडल मारताना मिळणारी मोटरची मदत) मध्यम, पाय चालू. मोटर रखडली की करंट जास्त ओढते, आणि करंट दुप्पट झाला की बॅटरीतली उष्णता चौपट होते.

• वाटेत मोटर बंद पडली आणि बॅटरी तापलेली असेल, तर बहुधा बीएमएसनेच (बॅटरीला जपणाऱ्या आतल्या सर्किटनेच) पुरवठा तोडलेला असतो. बटण दाबत बसू नका, सावली गाठा.

फुगलेली किंवा वास येणारी बॅटरी आणायची नाही. त्या दिवशी साधी सायकल चालवा. हेल्मेट सक्तीचं. येणाऱ्यांनी शनिवारी रात्री ८ पर्यंत ग्रुपवर नाव टाका.