एकटीने विचारलेले प्रश्न

ठाणे

चि. गार्गी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझा फोन ठेवल्यावर तुझे बाबा म्हणाले, "पोरगी वैतागलीय, नोकरी सोडणार बघ." मला तसं वाटलं नाही. पण तू जे म्हणालीस ते डोक्यातून जाईना. आपले खासदार विरोधी बाकांवरचे, संख्याबळ नाही, तू जागरणं करून त्यांच्यासाठी प्रश्न लिहून द्यायचे आणि मंत्रालयाकडून येणार 'माहिती गोळा करण्याचे काम सुरू आहे'. मग याचा उपयोग काय, असं तू विचारलंस. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

विधिमंडळात प्रतिवेदक म्हणून माझी सगळी नोकरी दुसऱ्यांचं बोलणं उतरवण्यात गेली. त्यामुळे भाषणांविषयीचं माझं मत तुला पाठ आहे. निम्मी भाषणं प्रेक्षक गॅलरीसाठी असतात आणि उरलेल्यांतली निम्मी दुसऱ्या दिवशीच्या पेपरसाठी. प्रश्नोत्तराचा तास मात्र मी नेहमी मन लावून उतरवला. त्या तासाचं खरं काम काय, हे मला कळलं ते हेलन सुझमन यांच्यामुळे. बाई दक्षिण आफ्रिकेच्या खासदार.

तू म्हणशील, वर्णभेदाच्या त्या काळात तिथे कुठे लोकशाही होती? बरोबर आहे. मतदान होतं, विरोधी पक्ष होता, सभापती होते, छापील कामकाज होतं, आणि हे सगळं जवळजवळ फक्त गोऱ्यांसाठी. आपल्या सरकारने तर त्या देशाशी व्यापार 1946 सालीच तोडला होता, आणि पुढे कित्येक वर्षं आपल्या पासपोर्टवर तो देश वगळलेला असायचा. अशा त्या सभागृहात सुझमन 1953 मध्ये जोहान्सबर्गच्या हॉटन मतदारसंघातून निवडून आल्या. त्याआधी विटवॉटर्सरँड विद्यापीठात आर्थिक इतिहास शिकवायच्या. 1959 मध्ये त्यांची युनायटेड पार्टी फुटली आणि त्यांच्यासह काही खासदारांनी प्रोग्रेसिव्ह पार्टी काढली. 1961 च्या निवडणुकीत त्यांतले बाकी सगळे पडले आणि या एकट्या कशाबशा 564 मतांनी तरल्या. दीडशेहून जास्त सदस्यांच्या सभागृहात पक्षाचा एकच खासदार! ही स्थिती 1974 पर्यंत, म्हणजे 13 वर्षं टिकली.

जरा विचार कर, त्या कामाचं स्वरूप कसं असेल. मोठ्या पक्षात एक शेतीवर बोलतो, दुसरा रेल्वेवर. इथे प्रत्येक विधेयक यांनीच वाचायचं, भाषण यांनीच लिहायचं. शेजारच्या बाकावरून 'ऐका, ऐका' म्हणणारंही कुणी नाही. त्या ज्यू होत्या, तेही अधूनमधून काढलं जाई. फोनवर पोलिसांचा कान असायचा. म्हणे बाई फोनजवळ एक शिट्टी ठेवायच्या आणि मनात आलं की रिसीव्हरमध्ये जोरात फुंकायच्या. हा किस्सा मला फार आवडतो.

1963 मध्ये सरकारने एक दुरुस्ती कायदा आणला. कुणालाही आरोप न ठेवता, वकील न देता 90 दिवस डांबून ठेवता यावं, अशी त्यात तरतूद होती. मुख्य विरोधी पक्षाने, युनायटेड पार्टीने, त्याला पाठिंबा दिला. विरोधात मत एकट्या सुझमन यांचं. त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं, ज्याखाली रॉबर्ट सोबुक्वे या काळ्या नेत्याला शिक्षा भोगून झाल्यावरही रॉबेन बेटावरच्या तुरुंगात ठेवता आलं. त्या कलमाची मुदत दरवर्षी संसदेने वाढवायची. सोबुक्वे 1969 पर्यंत तिथेच होते. म्हणजे मतांच्या हिशेबात बाई पूर्णपणे हरल्या. 1967 च्या दहशतवाद कायद्याच्या वेळीही तेच, पुन्हा विरोधात एकच मत.

मग त्यांनी केलं काय? त्यांनी प्रश्न विचारले. काळ्यांना सतत परवाना जवळ बाळगायला लावणाऱ्या पास कायद्याखाली वर्षभरात किती जणांना पकडलं. खटल्याशिवाय किती जण कोठडीत आहेत. किती जणांना फाशी दिली. किती घरं पाडून माणसं हलवली. 'सरकारला लाज वाटते का' असा प्रश्न नव्हे, आकड्यांचा. 'लाज वाटते का' या प्रश्नाला मंत्री भाषणाने उत्तर देतो, टाळ्या घेतो आणि बसतो. 'किती' म्हटलं की त्याला खात्याकडून कागद मागवावा लागतो, कुणीतरी कारकून रजिस्टर उघडून बेरीज करतो आणि ती बेरीज मंत्र्याच्या नावाने छापली जाते.

छापली जाणं, हीच यातली खरी मेख. त्या काळी तुरुंगांविषयी काही छापायचं तर वर्तमानपत्रांवर 1959 च्या तुरुंग कायद्याची टांगती तलवार. बंदी घातलेल्या माणसाचं वाक्य उद्धृत करणं गुन्हा. पण सभागृहात जे बोललं गेलं ते वृत्तांतात येई, आणि वृत्तांतातलं वर्तमानपत्राला छापता येई. बाहेर जे कुणाला बोलता येत नव्हतं, ते या बाई आत बोलून कायद्याने छापण्याजोगं करून देत होत्या. म्हणून तर कैद्यांची, स्थानबद्धांच्या बायकांची, घरं गेलेल्यांची पत्रं त्यांच्याकडे येत. ज्यांना त्या निवडणुकीत मतच नव्हतं, अशा माणसांची ती पत्रं. एकदा एक मंत्री चिडून म्हणाला की तुम्ही असले प्रश्न केवळ परदेशात देशाची मान खाली घालायला विचारता. बाईंचं उत्तर असं होतं: माझ्या प्रश्नांनी देशाची मान खाली जात नाही, तुमच्या उत्तरांनी जाते.

आणि खासदार म्हणून मिळणारा दुसरा हक्क त्यांनी वापरला, तो स्वतः जाऊन बघण्याचा. संसद केपटाउनमध्ये भरायची, आणि रॉबेन बेट त्याच शहरासमोर समुद्रात. बाकीच्यांना ते दिसत नव्हतं असं नाही. बाई 1967 मध्ये तिथे गेल्या, कोठड्यांतून फिरल्या. कैद्यांनी त्यांना मंडेलांकडे पाठवलं. मंडेलांनी कामाच्या, कपड्यांच्या, अभ्यासाच्या तक्रारी सांगितल्या, आणि हातावर स्वस्तिकाचं, म्हणजे हिटलरच्या पक्षाचं, चिन्ह गोंदवलेल्या एका पहारेकऱ्याची गोष्ट सांगितली. बाईंनी तो विषय मंत्र्यापर्यंत नेला आणि त्या पहारेकऱ्याला तिथून हलवण्यात आलं. कायदा तसूभर बदलला नाही. पण त्या खडीफोडीच्या जागी ज्याचा जाच रोज सोसावा लागतो असा एक माणूस कमी होणं म्हणजे काय, हे दिल्लीच्या एसी कचेरीत बसून आपण ठरवू नये.

त्यांची पूजा मी करत नाही हो. त्यांच्या पक्षाला बरीच वर्षं सरसकट मताधिकार नको होता, शिक्षण-उत्पन्नाच्या अटी हव्या होत्या. पुढे त्यांनी आर्थिक निर्बंधांनाही विरोध केला, आणि लढ्यातल्या अनेकांना त्याचा राग होता. गोऱ्यांच्याच सभागृहात बसून त्या सभागृहाला प्रतिष्ठा दिलीत, असंही त्यांना ऐकवलं गेलं. या आक्षेपात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण ते आकडे आज इतिहासकार वापरतात, आणि ते सरकारच्याच तोंडचे आहेत. सुझमन 1989 मध्ये निवृत्त झाल्या. 1996 मध्ये मंडेलांनी शार्पव्हिलला नव्या संविधानावर सही केली तेव्हा त्या तिथे हजर होत्या.

आता खरी लोकशाही आल्यावरचं सांगते, कारण तुझा प्रश्न तिथे जास्त लागू पडतो. 1994 नंतर तिथे 400 जणांची नॅशनल असेम्ब्ली पक्षांच्या याद्यांवरून निवडली जाऊ लागली. तेव्हा मतदार फक्त पक्षाला मत द्यायचा. पक्षाचं सदस्यत्व गेलं की खासदारकीही गेली. सुझमन यांना हॉटनचा आधार होता, पक्षाने हात काढला तरी मतदार होते. यादीतल्या खासदाराला तोही नाही. तरीही 2001 मध्ये संरक्षण खात्याच्या खर्चाच्या मागणीवर, मंडेलांच्या पक्षाच्या, म्हणजे सत्ताधारी एएनसीच्या, एकट्या प्रेग्ज गव्हेंडर यांनी शस्त्रखरेदीला विरोध नोंदवला. कोट्यवधींची पाणबुड्या-विमानं घेणारं सरकार एड्सच्या औषधांना मात्र पैसे नाहीत म्हणतं, हे त्यांना पटत नव्हतं. स्त्रियांच्या प्रश्नांवरच्या समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. समितीने एचआयव्हीवर जाहीर सुनावण्या घेतल्या, आणि 2002 मध्ये त्यांनी खासदारकी सोडली. मला या बाईचं धाडस सुझमन यांच्यापेक्षा अवघड वाटतं. परक्यांच्या समोर उभं राहणं एक, आणि ज्यांच्याबरोबर लढलो त्यांच्या बाकावरून उठून वेगळं बोलणं दुसरं.

आणि 2014 मधला गोंधळ तुला आठवत असेल. तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष झुमा यांच्या न्कान्डला इथल्या खासगी घरावर सरकारी पैसा खर्च झाला होता. 'पैसे परत केव्हा भरणार?' असं विरोधी खासदार ज्युलियस मालेमा यांनी विचारलं, तेही प्रश्नोत्तरांच्या वेळेतच. नंतरचा आरडाओरडा मला रुचला नाही, आमच्या वेळी असं झालं की प्रतिवेदकाची पंचाईत व्हायची, कुणाचं नाव कुठे लावायचं! पण बहुमताच्या जोरावर असेम्ब्लीने ठराव करून झुमांना मोकळं सोडलं, आणि मार्च 2016 मध्ये घटना न्यायालयाने तो ठराव घटनाबाह्य ठरवला. झुमांना 78 लाख रँड भरावे लागले.

तेव्हा तुझा तो अंगणवाडीच्या पोषण आहाराचा प्रश्न घे. तू वाचून दाखवलास त्यात 'सरकार गंभीर आहे का' असं एक उपकलम होतं. ते काढ. किती अंगणवाड्यांना कोणत्या महिन्यात धान्य पोचलं नाही, जिल्हावार, आणि कंत्राटदाराला दंड किती झाला, एवढंच ठेव. 'माहिती गोळा करत आहोत' असं उत्तर आलं तर ते आश्वासन समजून, सरकारची आश्वासनं पाळली गेली का ते बघणाऱ्या आश्वासन समितीकडे पाठपुरावा कर, आणि पुढच्या अधिवेशनात हाच प्रश्न याच शब्दांत पुन्हा दे. शब्द बदलू नकोस, नाहीतर दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. मसुदा आधी मला पाठवलास तरी चालेल, डोळे अजून शाबूत आहेत.

समोरच्या फडक्यांचा मुलगा शनिवारी दिल्लीला येतोय, त्याच्याबरोबर भाजणी आणि मेतकूट देते. डबा परत पाठव.

तुझी,
आई