४ मार्चची रजा टाक!

कोल्हापूर,
१४ ऑगस्ट २०२५

प्रिय सदा,

फोनवर तू ‘मीटिंग लागली’ म्हणून अर्ध्यात ठेवतोस, म्हणून हे पत्र. आता निवांत वाच.

कामाचं आधी सांगतो. पुढच्या ४ मार्चची रजा आत्ताच टाक. महिला फुटबॉलच्या आशियाई करंडकात आपली पहिली मॅच व्हिएतनामशी, आणि ती तुझ्या पर्थला आहे. ७ तारखेला तिथंच जपानशी. तिसरी तैवानशी सिडनीत, तिथं जायचं की नाही ते वहिनी ठरवतील.

तू म्हणशील, याला महिला फुटबॉलचा नाद कधी लागला? खरंय. शाळा बुडवून आपण पाटाकडील तालमीच्या फुटबॉल मॅचेस बघायला शाहू स्टेडियमवर जायचो, तेव्हा अख्ख्या गर्दीत एक बाई दिसायची नाही. मैदानावर मुलगी असू शकते हे आपल्या डोक्यातही नव्हतं. आता दादाची स्वरा लेफ्ट बॅक खेळते, आणि तिला सकाळी मैदानावर सोडायचं काम माझ्याकडं आलंय.

थायलंडविरुद्धची पात्रता फेरीची मॅच तू बघितली नाहीस, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ५ जुलै, आषाढीच्या आदल्या दिवशी. घरात उपवासाच्या साबुदाण्याची तयारी चाललेली आणि आम्ही दोघं मोबाईलला चिकटलेलो. चियांग माईत दोन्ही संघ तीन-तीन मॅचेस जिंकून आलेले, गुण सारखे, गोलफरकसुद्धा सारखाच, अधिक २२. आपण मंगोलियाला १३, तिमोर-लेस्तेला ४ आणि इराकला ५ हाणले होते. पण थायलंड म्हणजे दोन वर्ल्डकप खेळलेला संघ, तोही त्यांच्याच मैदानावर. आपल्या संगीता बासफोरनं पहिला गोल केला. मध्यंतरानंतर लगेच त्यांनी बरोबरी साधली, आणि स्वरा नखं कुरतडायला लागली. मग पुन्हा संगीताच! २-१. पात्रता फेरी खेळून, जिंकून आपला महिला संघ आशियाई करंडकात जाण्याची ही पहिलीच वेळ. नाद खुळा!

दुसऱ्या दिवशी जिकडं-तिकडं तेच ते सुरू झालं, गरिबी, झोपडी, आईचे कष्ट. मला याचा कंटाळा आलाय. असेल गरिबी, नाही कोण म्हणतंय? पण संगीता मधल्या फळीत खेळते, बॉल कुठं मागते, कधी पुढं घुसते, हे कुणी दोन ओळी लिहील की नाही? शिवाजी मंडळाच्या स्ट्रायकरचं घर कौलारू का पत्र्याचं, हे आपण कधी विचारलं होतं का?

आणि एक गोष्ट मला गेल्या वर्षी कळली, तीही पार्वतीच्या टपरीवर एका म्हाताऱ्या रेफरीकडून. आपल्या पोरी आत्ता कुठं खेळायला लागल्या असं काही नाही. १९७५ सालीच त्यांची वेगळी संघटना आणि लखनौला राष्ट्रीय स्पर्धा झाली होती. १९८० ला कालिकतला आशियाई स्पर्धेच्या फायनलपर्यंत गेल्या, तिथं तैवानकडून हरल्या. १९८३ ला परत फायनल. त्याच साली शांती मल्लिकला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढं नव्वदच्या दशकात कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडं गेला आणि सगळं थंड पडलं. इतकं, की २००९ मध्ये फिफाच्या क्रमवारीतून भारताचं नावच गळलं, कारण काय तर दीड वर्षात एकही आंतरराष्ट्रीय मॅच नाही! पोरी होत्या, सदा. मॅचेस नव्हत्या.

हे मला इथंच रोज दिसतं. सकाळी मुलांना अख्खं मैदान, पोरींना कोपरा, आणि नेमकं तिथंच पावसाचं पाणी साठतं. नऊ-दहा जणी जमतात. अकरा होत नाहीत म्हणून बारा वर्षांची पोरं घेऊन मॅच लावतात. स्वरा एकदा चिखलातनं असा टॅकल घसरून गेली, की ते पोरगं उठून आधी बॉल शोधायला लागलं. कपडे बदलायला खोली नाही, समोरच्या काकूंचं घर आहे. पण हे सगळं पोरी सोसतात. सोसत नाही ते वेगळंच. शालेय स्पर्धेत तीन-चार संघ येतात, एक मॅच हरली की त्यांचं वर्ष संपलं. मग दहावी आली की क्लास, आणि पोरगी गायब.

म्हणून मला वाटतं, खरा फरक लीगनं पडला. २०१६-१७ ला इंडियन विमेन्स लीग सुरू झाली, तिला आयडब्ल्यूएल म्हणतात. पण बरीच वर्षं सगळे संघ एका गावात गोळा करायचे, काही आठवड्यांत उरकायचं, घरी पाठवायचं. आपल्याकडचा एफसी कोल्हापूर सिटीही त्यात खेळून आला. २०२३-२४ पासून घरच्या-बाहेरच्या मैदानांवर खेळायला लागले. यंदा आठ संघ होते, म्हणजे प्रत्येकाला चौदा मॅचेस. ईस्ट बंगाल जिंकलं. चौदा म्हणजे काही फार नाही, पण एक हरलं तर पुढच्या आठवड्यात दुसरी असते. दुसरी गोष्ट नोकरीची. बेमबेम देवी, बाला देवी मणिपूर पोलिसात होत्या म्हणून टिकल्या. बाला पुढं २०२० ला स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडं गेली. मनीषा कल्याण २०२२ ला सायप्रसच्या क्लबकडून चॅम्पियन्स लीग खेळली.

कारभार्‍यांनी पाय ओढायचे सोडलेत असं मात्र समजू नकोस. २०२२ च्या ऑगस्टमध्ये फिफानं आपल्या महासंघावर बंदी घातली, तेव्हा गोकुलम केरळ क्लबच्या पोरी आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या होत्या. न खेळता परत आल्या. त्याच वर्षी जानेवारीत आशियाई करंडक आपल्याकडंच होता, यजमान म्हणून थेट प्रवेश. नवी मुंबईत इराणशी ०-० झाली, आणि मग तैवानच्या मॅचला कोरोनामुळं नियमाप्रमाणं लागणारे तेरा खेळाडूसुद्धा उभे राहीनात. स्पर्धेतून बाहेर! आता तोच तैवान परत गटात आलाय.

जपानकडून मार खाणार, हे धरून चाल. ते २०११ चे जगज्जेते आहेत. व्हिएतनामही २०२३ चा वर्ल्डकप खेळून आलंय, पण त्यांना आपण धरू शकतो. बारातले आठ पुढं जातात, आणि आठांत गेलो तर २०२७ च्या ब्राझील वर्ल्डकपची वाट दिसायला लागते. आणि हे ऐक, परवाच, १० तारखेला, वीस वर्षांखालच्या पोरींनी यांगूनला म्यानमारला १-० हरवलं आणि त्याही त्यांच्या वयोगटाच्या आशियाई करंडकात गेल्या. पूजानं गोल केला.

एक काम आहे. स्वराच्या मापाचे मुलींचे स्टड, म्हणजे फुटबॉलचे बूट, इथं मिळत नाहीत. मुलांचे घेतले की टाच सुटते, मग मोजे दोन-दोन घालते. तिच्या पायाचा कागदावर छाप काढून सोबत घातलाय, त्या मापाचे तिकडं बघ. दिवाळीला येशील तेव्हा आण. पैसे मी देणार, उगाच भाऊगिरी करू नकोस. रंग काळा सोडून कुठलाही, असं तिनं बजावलंय.

वहिनींना नमस्कार, चिंटूला पापा.

तुझाच,
बाळ्या