उत्तर देण्याआधी पूर्ण भाषण मागवा : मराठी भाषा मंत्र्यांना कोल्हापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

आम्ही कोल्हापुरातील ग्रंथपाल, पुस्तकांची परीक्षणे लिहिणारे आणि वृत्तपत्रांच्या डेस्कवर काम करणारे लोक आहोत. स्पष्ट बोलणाऱ्या कादंबरीकार स्त्रीवर माध्यमांत झोड उठते तेव्हा पत्रकार मंत्र्यांसमोर माइक धरतात आणि मंत्री मथळ्याला उत्तर देतात. त्या उत्तराने अर्धवट बातमीवर शिक्कामोर्तब होते. ते आपल्याकडून होऊ नये आणि खात्याच्या हातात असलेल्या काही गोष्टी व्हाव्यात, म्हणून हे पत्र.

आधी हे घडते कसे ते सांगतो. दोन तासांच्या परिसंवादाची चारशे शब्दांची बातमी डेस्कवर येते. पानावर जागा असते दीडशे शब्दांची. मथळा पाच-सहा शब्दांचा. वेबसाइटसाठी दुसरा, जास्त चढा मथळा होतो आणि समाजमाध्यमांसाठी फोटोवर एकच ओळ उरते. या कापाकापीत सगळ्यात आधी जातो तो ‘जर’. मग जाते ते ‘माझ्या कादंबरीतली नायिका असे म्हणते’ हे वाक्य, आणि पात्राचे बोलणे लेखिकेच्या नावावर जमा होते. बातमीदाराच्या मनात वाईट असावेच लागते असे नाही. जागा कमी आणि घाई मोठी, एवढेही पुरते. पण कापताना काय ठेवायचे हे जो ठरवतो, त्याच्या सवयी तिथे उघड्या पडतात.

या सवयी मराठीत फार ठळक दिसतात. पुरुष लेखक ‘परखड मत मांडतात’, लेखिका ‘आगपाखड करते’ किंवा ‘वादग्रस्त विधान करते’. त्याचा उल्लेख आडनावाने, तिचा पहिल्या नावाने, नाहीतर ‘बाई’ म्हणून. सर्वात बोचते ते आदरार्थी बहुवचनाचे गळणे. त्याच पानावर ‘लेखक म्हणाले’ आणि ‘लेखिका म्हणाली’ शेजारी शेजारी नांदतात, आणि मुद्रितशोधकाच्या लाल पेनालाही ते खटकत नाही. ‘बोल्ड लेखिका’ हा शब्द तर कौतुक म्हणून वापरला जातो. त्याचे पुल्लिंगी रूप कुणी छापलेले आम्ही पाहिलेले नाही.

मंत्र्यांच्या प्रतिक्रियेबद्दल दोन उदाहरणे देतो. दोन्ही परदेशी लेखिकांची आहेत, पण दोन्हींचा एक धागा भारतात आहे. ब्रिटिश कादंबरीकार हिलरी मँटेल यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये व्याख्यान दिले. राजघराण्यातील स्त्रियांकडे लोक आणि वृत्तपत्रे केवळ शरीर म्हणून कशी पाहतात, हा त्यांचा विषय. दोन आठवड्यांनी एका खपाऊ दैनिकाने त्यातली राजपुत्र विल्यम यांच्या पत्नी डचेस केट यांच्याबद्दलची वाक्ये उचलून तो त्यांच्यावरचा हल्ला म्हणून पहिल्या पानावर छापला. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन त्या वेळी भारताच्या दौऱ्यावर होते. इथूनच त्यांनी मँटेल चुकल्या असे सांगून टाकले. वृत्तपत्रांच्या नजरेवर टीका करणारे व्याख्यान त्याच नजरेने वाचले गेले, आणि सरकारच्या प्रमुखाने त्यावर मान डोलावली.

दुसरे उदाहरण न्यूझीलंडच्या एलिनॉर कॅटन यांचे. २०१३ चे बुकर पारितोषिक त्यांना २८ व्या वर्षी मिळाले. जानेवारी २०१५ मध्ये जयपूरच्या साहित्य महोत्सवात त्यांनी आपल्या देशाच्या सरकारच्या नफाकेंद्री धोरणावर टीका केली. मायदेशी एका रेडिओ निवेदकाने त्यांना देशद्रोही ठरवून शिवी घातली. पंतप्रधान जॉन की यांनी त्यांच्या मताला रग्बी खेळाडूंच्या मताइतकेच वजन दिले. धोरणावरचा प्रश्न बाजूला पडला आणि लेखिका कृतघ्न आहे की नाही यावर चर्चा झडली.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली, त्यानंतर वृत्तपत्रांत स्त्रीजातीवर जे लिहिले गेले, त्याला ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले. त्यांच्यावरच टीका सुरू झाली तेव्हा १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’च्या अंकात जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. १९३३-३४ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने कथा आणि कादंबरी आली तेव्हा त्यातल्या प्रश्नांपेक्षा या नावामागची बाई कोण याचा शोध जोरात होता. आणि २०१९ च्या यवतमाळ संमेलनाचे उद्घाटन कादंबरीकार नयनतारा सहगल यांच्या हस्ते व्हायचे होते, त्यांचे निमंत्रण मागे घेण्यात आले. त्यांचे लिखित भाषण नंतर मराठीत येऊन लोकांनी वाचले, आणि वाचल्यावर चर्चा भाषणावर होऊ शकली. पूर्ण मजकूर हाती असला की किती फरक पडतो, तो इथे दिसला.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. प्रत्येक कडक परीक्षण म्हणजे स्त्रीद्वेष नव्हे. ‘कादंबरी पसरट आहे’, ‘सगळी पात्रे एकाच भाषेत बोलतात’, ही टीका आहे आणि ती लेखिकेने सोसली पाहिजे. अशा टीकेवर स्त्रीद्वेषाचा शिक्का मारला की खऱ्या तक्रारीचीही धार जाते. डेस्कवर चालणारी एक सोपी चाचणी आहे : वाक्य तसेच ठेवून नाव पुरुषाचे घालून पाहायचे. ‘हे सगळे यांनी स्वतःच भोगलेले दिसते’, ‘घर सांभाळून एवढे लिहिले’ अशी वाक्ये लगेच हास्यास्पद होतात. चाचणी अपुरी आहे, हे कबूल. कुणाला परीक्षणासाठी निवडलेच नाही, हे तिच्यात सापडत नाही.

म्हणून मोजणी हवी. साहित्य संमेलनाच्या स्त्री अध्यक्षा सर्वांना मोजता येतात : १८७८ पासून २०२५ च्या दिल्लीतील ९८ व्या संमेलनापर्यंत सहा. परीक्षणे मात्र कुणी मोजत नाही. अमेरिकेत २०१० पासून आणि ऑस्ट्रेलियात २०१२ पासून अशी मोजणी झाली आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अनुदान घेणाऱ्या वाङ्मयीन नियतकालिकांनी वर्षाअखेरीस एक तक्ता द्यावा. रकाने पाचच : पुस्तक, लेखक स्त्री की पुरुष, परीक्षक स्त्री की पुरुष, परीक्षणाची शब्दसंख्या, आणि लेखकाच्या खासगी आयुष्यावर किती वाक्ये. शब्दसंख्येचा रकाना गाळू नये. पुस्तकांची संख्या बरोबरीची दिसते आणि लेखकाला दीड पान, लेखिकेला ‘पोच’मधल्या, म्हणजे पुस्तक मिळाल्याच्या नोंदीतल्या, चार ओळी, असे होते. त्रैमासिकाच्या चार अंकांना हे एका दुपारचे काम आहे. तक्त्यावरून अनुदान कापू नये, नाहीतर आकडे सजवले जातील. तो फक्त प्रसिद्ध करावा.

खात्याच्या पैशातून होणाऱ्या कार्यक्रमांचे अखंड ध्वनिमुद्रण त्याच रात्री खुले करावे. संपादित नको, संपादनातच घोळ होतो. सोबत कोण कितव्या मिनिटाला बोलले याची यादी असली की बातमीदार आणि वाचक दोघांनाही मूळ वाक्य दोन मिनिटांत सापडते.

खात्याने मराठीत एक पानाचे माहितीपत्रकही काढावे, कारण लेखिका संतापून चुकीच्या दारात जातात. चुकीच्या उद्धृतासाठी आधी संपादकाला पत्र : तारीख, पान, छापलेले वाक्य, मूळ वाक्य, एवढेच, शंभर-दीडशे शब्दांत. चार पानी पत्र कापले जाते आणि पुन्हा तोच खेळ होतो. दाद मिळाली नाही तर भारतीय प्रेस परिषद. दैनिक आणि साप्ताहिकाविरुद्ध दोन महिन्यांच्या आत, इतर नियतकालिकांविरुद्ध चार महिन्यांच्या आत तक्रार जायला हवी. प्रकरण न्यायालयात असेल तर परिषद त्यात पडत नाही. ती समज देते, ताशेरे ओढते, दंड करू शकत नाही. धमकी किंवा लज्जा उत्पन्न करणारे शब्द असतील तर मात्र पोलीस : भारतीय न्याय संहितेची कलमे ३५१ आणि ७९. तिथे बहुतेक चूक होते ती पुराव्याची. घाण नको म्हणून मजकूर पुसून टाकला जातो. लिंक, तारीख आणि मजकूर टाकणाऱ्या समाजमाध्यम-खात्याचे नाव दिसेल असा स्क्रीनशॉट आधी घ्यावा, मूळ मोबाइल जपावा, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे डिजिटल पुराव्याचे प्रमाणपत्र त्याच आधारावर बनते.

वृत्तपत्रांवर कुठलेही नियंत्रण आम्ही मागत नाही. गोविंद पानसरे यांच्यावर २०१५ मध्ये याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. बोलणाऱ्याचा आवाज बंद करण्याची किंमत आम्हाला माहीत आहे.

कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला, त्यामुळे ग्रंथालयांची मागणी शेवटी पण आग्रहाने करतो. वाद पेटला की कादंबरी कपाटातून काउंटरमागे जाते, आणि वादावर बोलणाऱ्यांना ती वाचायलाच मिळत नाही. ग्रंथालयांतल्या ड्युई दशांश वर्गीकरणात मराठी कादंबरीचा वर्गांक ८९१.४६३ आहे. त्यात स्त्री-पुरुष असा फरक नाही, तरी काही ठिकाणी ‘लेखिका’ अशी वेगळी फळी दिसते. वादातले पुस्तक मूळ जागीच राहील आणि मागणी वाढल्यास जास्तीची प्रत घेता येईल, असे पत्र ग्रंथालय संचालनालयाकडून अनुदानित ग्रंथालयांना जावे, यासाठी आपण संबंधित खात्याशी बोलावे. ते पुढच्या अनुदानाच्या हप्त्यासोबत पाठवता येईल.

आपले,
कोल्हापुरातील ग्रंथपाल, परीक्षक आणि उपसंपादक