ते ‘स्थलांतर’ नव्हते

संपादक महोदय,

उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी समाजांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यात हो-चंक लोकांच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे, आणि तेही ‘विनेबागो जमात विस्कॉन्सिनमधून पश्चिमेकडे स्थलांतरित झाली’ असे. या वाक्यातील नाव आणि क्रियापद, दोन्हींविषयी लिहावेसे वाटले.

‘विनेबागो’ हे शेजारच्या अल्गोंक्वियन भाषिकांनी दिलेले नाव असून त्याचा अर्थ साधारणपणे ‘दुर्गंधी पाण्याकाठचे लोक’ असा होतो. सरकारी कागदांत ते रुजले आणि पुढे एका सरोवराला, इतकेच नव्हे तर मोटारघरांच्या एका ब्रँडलाही चिकटले. हे लोक स्वतःला हो-चंक, म्हणजे ‘थोर वाणीचे लोक’ म्हणवतात, आणि विस्कॉन्सिनमधील शाखेने १९९४ मध्ये हेच नाव अधिकृतपणे परत घेतले. नेब्रास्कातील शाखा आजही विनेबागो हे नाव वापरते, त्यामुळे नावाबाबत लेखकाला अर्धाच दोष देता येईल.

क्रियापदाचे मात्र तसे नाही. १८३७ मध्ये वॉशिंग्टनला गेलेल्या हो-चंक शिष्टमंडळाला जमीन देऊन टाकण्याचा अधिकारच नव्हता आणि हे त्यांनी तेथे सांगितलेही होते. तरीही दबाव आणून त्यांच्याकडून मिसिसिपीच्या पूर्वेकडील उरलासुरला सगळा मुलूख लिहून घेण्यात आला. जमीन सोडायला आठ वर्षांची मुदत आहे, अशी त्यांची समजूत करून देण्यात आली होती. प्रत्यक्ष करारात आठ महिने लिहिलेले होते. त्यानंतर आयोवा, मग मिनेसोटात लाँग प्रेअरी आणि ब्लू अर्थ, १८६३ मध्ये डकोटाच्या उजाड प्रदेशातील क्रो क्रीक, अशी त्यांची रवानगी होत राहिली. ब्लू अर्थला शेती चांगली बसत होती, पण १८६२ मध्ये डकोटा जमात आणि अमेरिकी सरकार यांच्यात झालेल्या युद्धानंतर आसपासच्या गोऱ्या वसाहतवाल्यांना तीच जमीन हवी झाली. क्रो क्रीकला उपासमार आणि रोगराईने माणसे मरू लागली, तेव्हा उरलेल्यांनी झाडांचे बुंधे कोरून होड्या केल्या आणि मिसुरी नदीतून खाली ओमाहा लोकांचा आश्रय गाठला. नेब्रास्कातील आजची वसाहत त्यातूनच उभी राहिली.

लेखात मुळीच न आलेली गोष्ट म्हणजे परतण्याची. १८३७ च्या त्याच करारावर सही करणाऱ्यांपैकी यलो थंडर या प्रमुखाला १८४० मध्ये विस्कॉन्सिनबाहेर नेण्यात आले, आणि तो चालत परत आला. पुढे १८४९ मध्ये त्याने आपल्याच जुन्या मुलखात चाळीस एकर जमीन विकत घेतली, कारण खरेदीखत हाती असलेल्या माणसाला हाकलणे अवघड जाईल हे त्याने ओळखले होते. पूर्वजांची भूमी पैसे मोजून घ्यावी लागणे याहून कडवट व्यवहार मला तरी आठवत नाही. १८७३-७४ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात लष्कराने शेकडो हो-चंक लोकांना धरून रेल्वेने नेब्रास्काला धाडले. त्यांतलेही बरेच जण थोड्याच काळात माघारी आले. १८७५ च्या कायद्याने मूलनिवासींना सरकारी जमिनीवर वैयक्तिक दावा करण्याची मुभा दिली, तेव्हा कुठे ही पाठवणी थांबली.

ही ओढ कशाची, हे विस्कॉन्सिनची राजधानी असलेल्या मॅडिसन शहरात दिसते. तेथील चार सरोवरांच्या परिसराला हो-चंक ‘तेजोप’ म्हणतात आणि तो त्यांना १८३२ च्या करारात सोडावा लागला. पक्षी, अस्वल, जलदेवता अशा आकारांचे, हजारएक वर्षांपूर्वीचे मातीचे उंचवटे या काठांवर अजून आहेत, काही तर विद्यापीठाच्या आवारातच. हो-चंक ते आपल्या पूर्वजांचे मानतात. जवळून पाहिले तर गवताने झाकलेला, गुडघाभर उंचीचा बांध वाटावा, इतके ते साधे असतात. पंख ओळखू यायला थोडे दूर जावे लागते.

हो-चंक नेशनचे मुख्यालय आज ब्लॅक रिव्हर फॉल्स येथे, म्हणजे विस्कॉन्सिनमध्येच आहे. तेव्हा ‘स्थलांतरित झाली’ ऐवजी ‘वारंवार हाकलली गेली आणि वारंवार परतली’ अशी दुरुस्ती पुढील पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक