मूलपेशी, पण कोणत्या?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या भावाला हृदयविकाराचा झटका आला. जीव वाचला, पण हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलं. महिन्याभरात पुण्यातल्याच एका क्लिनिकचं पत्रक कुणीतरी वहिनीच्या हातात ठेवलं: मूलपेशींच्या, म्हणजे इतर पेशींना जन्म देणाऱ्या पेशींच्या, इंजेक्शनने हृदयाचा स्नायू पुन्हा तयार होतो, खर्च साडेचार लाख. वहिनी एफडी मोडायला निघाली होती. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, म्हणून तिने आधी मला विचारलं. ज्यांच्या घरात विचारायला कुणी नाही, त्यांच्यासाठी हे पत्र.

मूलपेशी म्हणजे नेमक्या कोणत्या, हे त्या पत्रकात कुठेच नव्हतं. अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, मूलपेशी रक्त तयार करतात. ल्युकेमिया, थॅलसेमियात त्यांचं प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. त्याच हृदयात सोडल्या, तर त्यांचा स्नायू होत नाही. चरबीतून किंवा नाळेतून काढलेल्या पेशी सूज कमी करणारे स्राव सोडतात, त्यावर अभ्यास चालू आहे. पण स्नायू त्यांचाही होत नाही. हृदयातच मूलपेशी असतात, असा दावा अमेरिकेतले संशोधक पिएरो अन्व्हर्सा यांनी केला होता. २०१८ मध्ये हार्वर्डने त्यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यायला सांगितले. त्या दाव्याच्या भरवशावर रुग्णांवर चाचण्याही झाल्या होत्या, याचं मला फार वाईट वाटतं. प्रत्यक्षात पंचविशीतही हृदयाच्या स्नायूपेशी वर्षाला जेमतेम १ टक्काच नव्या होतात.

खरी आशा आहे ती जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांच्या कामात. त्यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि पुढच्या वर्षी माणसाच्या त्वचेतल्या पेशी मूळ अवस्थेत, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकेल अशा अवस्थेत, नेऊन दाखवल्या. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अशा पेशींपासून बनवलेल्या हृदयपेशी प्रयोगशाळेतल्या बशीत धडधडतात. जपानमध्ये त्यांचे पातळ पापुद्रे रुग्णांच्या हृदयावर लावून पाहिले आहेत. मात्र ठोके बिघडणं, गाठ होणं, शरीराने त्या नाकारणं हे धोके असल्यामुळे या सगळ्याची पारख अजून चालू आहे.

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांसारखे मान्य उपचार सोडले, तर मूलपेशी मंजुरी मिळालेल्या, नोंदणीकृत चाचणीतच द्यायच्या आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. वहिनीला मी क्लिनिकमध्ये फोन करून चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारायला सांगितलं. तो त्यांना देता आला नाही.

आपल्याला विनंती एवढीच, की मूलपेशींची बातमी छापताना पेशी कोणत्या आणि प्रयोग उंदरावरचा की माणसावरचा, हे पहिल्या परिच्छेदातच द्यावं. गणेशखिंडीला एनसीसीएस हे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांकडून या विषयावर मराठीत लेख लिहून घेतलेत, तर मी ते कात्रण आमच्या सोसायटीच्या फलकावर स्वतः लावीन.

– एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे