कुंद्याची साखर

शहापूर, बेळगाव
२८ जुलै

प्रिय दिग्या,

'कुंद्या कसा आहे?' एवढंच विचारलंस. 'बरा आहे' लिहून पाठवणार होतो, पण तेवढ्यावर भागेना. शिवाय त्याचं नाव तू ठेवलेलं. नऊ वर्षांपूर्वी आमच्या झेरॉक्सच्या मशीनखाली ते तपकिरी पिल्लू सापडलं तेव्हा तूच म्हणालास, "रंग बघ, थेट कुंदा." आता बेळगावच्या कुंद्याचं, म्हणजे मिठाईचं नाव लावलेल्या मांजराला मधुमेह व्हावा, ही थट्टा सांगायची तरी कोणाला? शेजारच्या आक्कांना सांगितलं तर त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "बेक्किगू सक्करी ब्यानीऽ?" म्हणजे मांजरालाही साखरेचा आजार? गल्लीभर झालं.

पहिली बातमी मुंग्यांनी दिली. त्याच्या मातीच्या ट्रेला जूनमध्ये काळ्या मुंग्यांची रांग लागली. मी आपला खडूची रेघ ओढून मोकळा. अण्णा दोन दिवस बघत होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "याची लघवी तपासून आणा." वीस वर्षं स्वतःची साखर सांभाळणाऱ्या माणसाला ते कळलं. मला कळलं नाही, कारण मी दुसरीकडेच बघत होतो. मांजर बारीक होतंय म्हणून उलट खूशच होतो, सात किलोंचा पाच किलोंवर आला होता. बादलीभर पाणी पितोय हेही दिसत होतं, पण म्हटलं उकाडा. जूनमध्ये बेळगावात कसला उकाडा रे! मग मागचे पाय टाचेपर्यंत टेकून, सशासारखा चालायला लागला तेव्हा मात्र पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेला.

दवाखान्यात साखर ४१२. डॉक्टर म्हणाले एवढ्यावरून ठरवायचं नाही, मांजर नुसतं घाबरलं तरी साखर तीनशेच्या घरात जाऊ शकते. म्हणून लघवी तपासली आणि रक्ताची आणखी एक तपासणी केली, फ्रुक्टोसामीन म्हणतात तिला, त्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज येतो. दोन्हींनी तेच सांगितलं. लठ्ठ, खच्ची केलेला, वयस्क बोका आणि वाडगा कायम कोरड्या बिस्किटांनी भरलेला. शिवाय गेल्या पावसाळ्यात खाज सुटली होती तेव्हा एका ठिकाणी त्याला दोनदा स्टेरॉइडचं लांब मुदतीचं इंजेक्शन दिलं होतं. त्यानंही हे वर येऊ शकतं म्हणे. तेव्हा कोणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. खाज थांबली, पैसे दिले, घरी आलो.

आता माझा शहाणपणा ऐक. डॉक्टरांनी सांगितलं होतं की खाणं हळूहळू बदला, बिस्किटं कमी करत ओलं, मांसाचं खाणं वाढवा. 'हळूहळू' हा शब्द मी ऐकलाच नाही. घरी आलो, बिस्किटांचा डबा उचलून माळ्यावर टाकला आणि कुंद्यापुढे नवीन डब्यातलं खाणं ठेवलं. त्यानं वास घेतला, बाजूची फरशी पंजानं खरवडली, घाण झाकतात तशी, आणि निघून गेला. रात्री तेच. दुसऱ्या दिवशी तेच. आई म्हणाली, "राहूदे उपाशी, भूक लागली की खाईल. जनावर उपासानं बरं होतंय." मलाही पटलं. हट्ट मोडायचा म्हणून मी डबा माळ्यावरून काढला नाही.

दिग्या, हे तेवढं लक्षात ठेव, तुझ्या सोसायटीत कोणाकडे मांजर असेल तर सांग. कुत्रं एखादा दिवस उपाशी राहिलं तर चालून जातं, मांजराचं तसं नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की अंगातली चरबी सुटून यकृतात साठायला लागते आणि यकृतच बसतं. जाड मांजराला धोका जास्त. आणि मधुमेह असेल तर वर कीटोनचं विष, म्हणजे साखर वापरता येईना की चरबी जळून रक्तात साठतं ते. म्हणजे मी ज्याला शिस्त म्हणत होतो ती त्याच्या जिवावर उठली होती.

त्यात इन्सुलिनची पंचाईत. दर बारा तासांनी एक युनिट, पण आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही आणि सुई दिली तर साखर खाली कोसळणार. सुई दिलीच नाही तर कीटोन वाढणार. सकाळी सातला मी एका हातात सिरिंज आणि एका हातात ताटली घेऊन ओट्यापाशी उभा, आणि आक्का नेहमीप्रमाणे खिडकीतून विचारतात, "ऊटा आतेनरी?" म्हणजे जेवण झालं का? आयुष्यभर हा प्रश्न ऐकत आलो. नमस्कारासारखा विचारतात आणि नमस्कारासारखंच उत्तर द्यायचं असतं. त्या आठवड्यात मला त्याचं उत्तर देता येईना.

खरी गोष्ट तुझ्या वहिनीनं ओळखली. तिसऱ्या दिवशी ती नुसती बघत बसली होती. कुंद्या ताटलीकडे भुकेनं यायचा, नाक लावायचा, जीभ दोनदा ओठांवरून फिरवायचा, गिळायचा आणि तोंड फिरवायचा. ती म्हणाली, "हा नाटकं नाही करत. धाकटीच्या वेळी मला फोडणीचा वास आला की असंच व्हायचं. भूक लागलेली असायची आणि ताटाजवळ गेलं की उमळायचं." फोनवर डॉक्टरांना तेच सांगितलं. ते म्हणाले, "लगेच घेऊन या." लघवीत कीटोन थोडे दिसले. स्वादुपिंडाला सूज असावी असा त्यांचा अंदाज, मधुमेही मांजरांत ती पुष्कळदा असते. सलाईन दिलं, उलटी-मळमळ थांबवायचं मारोपिटंटचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी भूक लागावी म्हणून मिर्टाझापिनच्या गोळीचा बारीक तुकडा. रात्री ठेवून घ्यायची सोय तिथे नव्हती, म्हणून तीन दिवस धो-धो पावसात पिशवी पोटाशी धरून ये-जा केली. पहिल्या रेल्वे गेटवर फाटक पडलं की रिक्षावाला मागे वळून बघायचा, कारण पिशवी रडायची.

डॉक्टरांनी खाण्याचं गणितच उलटं केलं. म्हणाले, आत्ता पथ्य विसरा, खातो ते द्या. पोटात गेलेलं बिस्किट हे ताटलीत राहिलेल्या औषधी खाण्यापेक्षा बरं. मळमळ असताना तोंडात कोंबू नका, नाहीतर त्या वासाचीच शिसारी बसेल आणि पुढे तो ते कधीच खाणार नाही. नव्या खाण्याच्या बाबतीत त्याची तीच गत झाली होती, तो डबा आता आक्कांच्या मांजरीनं संपवला.

मग घरात प्रयोग सुरू झाले. उकडलेली कोंबडी, हाताने रेषा सोडवलेली, मीठ-मसाला काही नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, मांजराच्या रक्ताला ते विष. (आईला हे पटवायला दोन दिवस लागले. लसणीशिवाय कोंबडी म्हणजे तिला आजाऱ्याचा अपमान वाटतो.) ताटली गरम पाण्याच्या परातीत ठेवून कोमट करायची, फ्रीजमधून काढलेल्या गार खाण्याला वास नसतो आणि मांजर नाकानं जेवतं. तरी ढिम्म. शेवटी सुकटीनं काम केलं. चिमूटभर सुकट धुऊन, तव्यावर कोरडी भाजून, चुरून कोंबडीवर भुरभुरली. घरभर तो वास! अण्णा नाकाला रुमाल लावून बाहेर गेले आणि कुंद्या मशीनखालून बाहेर आला. चार घास खाल्ले. चार म्हणजे मोजून चार, तुझी वहिनी मोठ्यानं मोजत होती. दिग्या, धाकटी बारावी पास झाली तेव्हा आम्ही इतके शांत उभे नव्हतो.

त्यानंतर गाडी रुळावर आली असं वाटलं, आणि मग मी दुसरा घोळ घातला. हा माझा एकट्याचा.

अण्णांचं इन्सुलिन चाळीसच्या बाटलीतलं, म्हणजे एका मिलिलीटरला ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपीची. कुंद्याचं इन्सुलिन, ग्लार्जिन नावाचं, शंभरचं, त्याची सिरिंज केशरी टोपीची. दोन्ही फ्रीजच्या दारात एकाच स्टीलच्या डब्यात. सोळा तारखेला संध्याकाळी लाईट गेलेली, मोबाईलची बॅटरी तोंडात धरलेली, कुंद्यानं अर्धंच खाल्लेलं. डब्यात हात घातला, सिरिंज काढली, एका रेघेपर्यंत भरलं, पाठीची कातडी चिमटीत उचलून दिलं. झालं. लाईट आल्यावर अण्णा डब्यात बघून म्हणाले, "माझी एक कमी कशी?"

लाल सिरिंजची एक रेघ म्हणजे मिलिलीटरचा चाळीसावा भाग. त्यात शंभरचं औषध भरलं की अडीच युनिट होतात. हा हिशोब अण्णांनी बोटांवर केला आणि माझ्याकडे बघितलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

साडेअकराला कुंद्या उठला आणि दारू प्यायल्यासारखा तिरका चालत भिंतीला टेकला. मान खाली-खाली जायची. कानाच्या कडेला कोमट फडकं धरून, बारीक शीर बघून टोचलं, मोहरीएवढा थेंब. अण्णांच्या साखर मोजायच्या मशीनवर ४८. माणसांचं मशीन मांजराचा आकडा जरा कमी दाखवतं हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण डोळ्यांपुढे मांजर झुलत असताना तो दिलासा कोण धरून बसतो? खानापूरहून आणलेला मध होता. तोंडात ओतायचा नाही, ठसका लागतो, बोटानं हिरड्यांवर चोळायचा. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी पाऊणच्या सुमाराला उचलला. त्या माणसाचं भलं होवो. म्हणाले, मध चालू ठेवा, शुद्धीवर आहे तोवर खायला द्या, दर पंधरा-वीस मिनिटांनी बघा. झटका आला किंवा आडवा पडला तर तसेच उचलून आणा. ६१. मग ८८. मग त्यानं स्वतःहून चार-पाच घास खाल्ले. पण हे औषध लांब चालतं, म्हणून पहाटेपर्यंत जागलो. चारला १३० झाली तेव्हा अण्णा खुर्चीतच झोपले होते, मांडीवर मधाची बाटली.

आणि मधाला तो किती वैतागला होता! मांजराला गोड चव कळतच नाही म्हणे. त्या चवीसाठी लागणारं जनुक त्यांच्यात निकामी झालेलं आहे, २००५ साली शोधून काढलंय. बिचाऱ्यानं जन्मात कधी गोड चाखलं नाही आणि आजार हा.

आता फ्रीजच्या दारात दोन डबे आहेत. कुंद्याच्या डब्यावर मी मराठीत, तुझ्या पुतणीनं कन्नडमध्ये आणि आईनं हळदीकुंकवानं खूण केलीय. मेडिकलवाल्याकडे बिल करताना गंमत झाली. त्यानं पेशंटचं नाव विचारलं, मी 'कुंद्या' म्हटलं, वय नऊ. त्यानं 'कुमारी कुंदा' लिहून वर हळहळ व्यक्त केली, एवढ्या लहान पोरीला! मी खुलासा केला नाही. पाठीमागे गर्दी होती.

आजचा हिशोब असा. सकाळी ठरलेल्या वेळेला २१०, काल दुपारी १६४. वजन थोडं वाढलंय. पाय अजून टेकून चालतो, त्याला महिने लागतील म्हणतात. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीलाच साखर नीट ताब्यात आली तर काही मांजरांची सुई पुढे सुटतेसुद्धा. हे ऐकून अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या बाजूनं वशिला लावलाय. स्वतःची सुई मात्र ते आता कुंद्याच्या वेळेलाच घेतात, सातला, दोघं एकामागोमाग. पूर्वी हाच माणूस त्याला पायानं बाजूला सारायचा. मी काही बोलत नाही, बोललं की बंद करतील.

गणपतीला येणार आहेस ना? येताना दोन गोष्टी आण. शंभरच्या इन्सुलिनच्या सिरिंज, पण ३० युनिटवाल्या, ज्यावर अर्ध्या युनिटची रेघ असते. इथे चार दुकानं फिरलो, मिळेनात. आणि मांजराचं ओलं खाणं, ग्रेव्हीवालं नको, नुसतं लगद्यासारखं येतं ते. ग्रेव्हीत पीठ असतं. दोन-तीन वेगवेगळ्या चवींचे एकेकच डबे आण, डझन आणू नकोस. कोणतं पसंत पडेल ते त्याच्या मनावर आहे, माझ्या नाही.

पावणेसात झाले. ताटली परातीत ठेवलीय, सुकट तव्यावर आहे आणि महाराज दारात येऊन बसलेत, पण अजून आत येत नाहीत. जातो.

तुझा,
बाळ्या

ता. क. कुंदा एक किलो ठेवू की अर्धा? उत्तर मला मेसेजवर दे, अण्णांच्या फोनवर विचारू नकोस. मागच्या वेळचा अर्धा किलो तुझ्यापर्यंत का पोचला नाही ते आता तरी कळलं असेल.